काच पुसणारा मासा

आई गेल्यापासून शिंप्याच्या घरात एकच वाद उरला होता, काचेच्या टाकीचा. मुलगी रोज म्हणायची, "बाबा, मासा टाकीत मावत नाही हो. त्याला वळतासुद्धा येत नाही."

शिंपी मान खाली घालून मशीन चालवत राही. टाकी बायकोची होती. तिने आणले तेव्हा हे काळे, ठिपक्यांचे मासे बोटाएवढे होते. काचेला तोंड लावून शेवाळ खायचे. "घरात पुसापुशी करणारे आम्हीच, मी आणि हे," असं ती नवऱ्याला चिडवायची. पुढे ते हातभर वाढले, तेव्हा एक ठेवून बाकीचे तिने त्याच्याकरवी तळ्यात सोडले. "मोकळे होऊ देत बिचारे!"

अखेर एका सकाळी शिंप्याने उरलेला मासा बादलीत घातला आणि तळ्यावर थोरल्या बहिणीकडे गेला. तिचं आणि दाजींचं पोट त्या तळ्यातल्या मासळीवर चालायचं.

"अक्का, होडी काढ. तिची शेवटची आठवण आहे. खोल पाण्यात सोडू."

अक्का काठावर बसून जाळ्यात अडकलेले मासे सोडवायला सुरीने जाळं कापत होती. "होडी विकली. दाजी वॉचमनची नोकरी बघायला गेलेत."

"अगं, पण का?"

"हे बघ ना! ह्या माशांचे काटे जाळ्यात रुततात, कापल्याशिवाय सुटत नाहीत. विकत कुणी घेत नाही. आपल्या मासळीची अंडी हे फस्त करतात. जाळं टाकलं की हेच वर येतात."

शिंपी जाळ्यावर वाकला. तेच ठिपके, तेच तोंड!

"अक्का, हे... हे आमच्या टाकीतले."

अक्काने बादलीत डोकावून पाहिलं.

"तुझ्या एकट्याचे नसतील रे. तुमच्यासारखे दयाळू पुष्कळ आहेत."

"तिचं मन वाईट नव्हतं गं!"

"नव्हतंच. पण तिला काचेतला जीव दिसला. पाण्याखालचे आमचे दिसले नाहीत, ना तिला, ना तुला."

"मग ह्याचं काय करू?"

"मोठा हौद बांध, दुकानदाराला परत दे, काहीही कर. पाळलास ना? मग शेवटपर्यंत सांभाळ. इथे नको."

शिंपी लहान मुलासारखा रडू लागला. बायको गेली तेव्हाही तो असा रडला नव्हता. मासळीच्या वासाचा हात त्याच्या पाठीवर ठेवून अक्का म्हणाली, "पुरे आता. बादली सांडशील."

आता दुकानामागे सिमेंटचा हौद आहे. माप घेताना शिंपी गिऱ्हाइकांना विचारतो, "घरी मासे आहेत का? नकोसे झाले तर माझ्याकडे आणा, तळ्यात सोडू नका." काही जण हसतात. काही जण खरंच घेऊन येतात.

बंधूंनो, भगिनींनो, आपण उपदेश करणारे कोण, असं वाटतं. तरी एवढं सांगावंसं वाटतं. परक्या पाण्यात जीव सोडणं म्हणजे त्याला मुक्त करणं नव्हे. दया करताना ती कुणाच्या दारात जाऊन पडते, हेही पाहायला हवं.

दाजींच्या नोकरीपायी दोघं गाव सोडून गेली, अक्काचं घर बंद आहे. मागे राहिलेलं तिचं ते कापलेलं जाळं शिंप्याने शिवून, घडी घालून ठेवलं आहे. न्यायला अजून कुणी आलेलं नाही.