दांड्याजवळचा माणूस

एरिवाल्दोचा उजवा हात गावच्या दफनभूमीत आहे आणि बाकीचा एरिवाल्दो अजून घरात. यंत्राने हात नेला की तो कापडात गुंडाळून पुरायचा, ही आमच्या इकडची रीत. दुकानापाशी गावकरी त्याला चिडवायचे, "तुझं बरं आहे बाबा, जागा आधीच अडवून ठेवलीस!" तोही हसायचा. न हसून करतो काय?

इथल्या कोरड्या रानात घायपात तेवढं उगवतं, आणि त्याच्या पानांतून दोरांसाठी वाख काढणारं यंत्र तेवढं पोट भरतं. यंत्र कसलं, डिझेलचं इंजिन, त्याच्या पट्ट्यावर गरगरणारं पात्यांचं जड चाक आणि पुढे उघडं तोंड. पान तोंडात घालायचं, गर खरवडला की मागे ओढायचं, उलटं करून दुसरं टोक घालायचं. एखादा ओला धागा बोटात अडकला की कारभार आटोपला. त्या तोंडाला झाकण नको का? हवंच की! पण झाकण लावलं की काम रेंगाळतं, आणि काम रेंगाळलं की मालक म्हातारा देओक्लिदेसही उपाशी, आपणही उपाशी. तोही आमच्यासारखाच फाटका. शिव्या द्यायच्या तर द्यायच्या कुणाला?

एरिवाल्दोनंतर पानं घालायला एक जण आला, तो महिन्याभरात ऊसतोडीला दक्षिणेकडे पळाला. यंत्र थंड पडलं. त्या यंत्रावर सहा घरांच्या चुली पेटायच्या. कुणी येऊन काही बोललं नाही, पण एरिवाल्दोला शेजारणींची नजर चुकवावी लागायची.

त्याची बायको लिंदाउरा गाढवावरून ओला वाख वाळवणीला न्यायची. एका सकाळी मक्याचा सांजा पोरींच्या ताटलीत वाढता वाढता ती म्हणाली, "पानं मी घालते."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"डोकं जागेवर आहे. पोट नाही जागेवर."

"बाईमाणसाचं काम आहे का ते?"

"यंत्राला काय कळतंय बाई का बुवा? त्याला हात हवेत. आपल्या घरात मोठ्या माणसांचे तीन उरलेत, त्यातले दोन माझे."

एरिवाल्दोने दाराला लाथ घातली. दिवसभर जेवला नाही. मग देओक्लिदेसकडे जाऊन म्हणाला, "काका, तिला घेऊ नका. पाया पडतो तुमच्या."

म्हातारा खाली मान घालून बसला. "मग दुसरा माणूस आण बाबा. का मी उभा राहू या वयात?"

दुसरा माणूस आणणार कुठून? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! तो तसाच परत आला.

लिंदाउराने त्याला पाणी दिलं. म्हणाली, "तू इंजिनाच्या दांड्याजवळ उभा राहा. काही झालं की दांडा ओढ. तू तिथे असलास की मला भीती नाही."

एरिवाल्दोला ठाऊक होतं. दांडा ओढला की इंजिन बंद होतं, चाक नाही. ते आपल्याच जोरावर फिरत राहतं आणि हवं तेवढं खाऊन मगच थांबतं. त्याच्या वेळीही पहिल्या किंकाळीलाच दांडा ओढला होता. हे तिला सांगावं? सांगितलं तर ती भिणार, आणि भ्यालेला हात यंत्र आधी ओढतं. न सांगावं तर ती निर्धास्त राहून गाफील होणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

सोमवारी तिने अंगठी काढून त्याच्या खिशात टाकली, केस फडक्यात बांधले. पान कसं धरायचं, अंगठा कुठे ठेवायचा, त्याने डाव्या हाताने करून दाखवलं. इंजिन भडभडू लागलं. हिरवा रस तिच्या तोंडावर उडू लागला. थोड्या वेळात तिला लय सापडली, आणि बाई मागे वळून हसू लागली!

"बघ की, जमतंय!"

हात यंत्राच्या तोंडाशी आणि नजर मागे! ओरडायची सोय नाही. ओरडलं तर ती दचकेल. तोही वेड्यासारखा हसत उभा राहिला. दांड्यावरची मूठ घामाने निसटत होती. लिंदाउरा पुन्हा वळली, पुन्हा हसली. त्याला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

दुपारी उंबूच्या झाडाखाली घेवडा आणि कसाव्याचा भरडा खायला बसल्यावर त्याला राहवलं नाही. "लिंदाउरा, त्या दांड्याने काही होत नाही गं. चाक फिरतच राहतं."

ती घास चावत राहिली. "ठाऊक आहे."

"कसं?"

"त्या दिवशी मी गाढव घेऊन परतत होते. तुझी किंकाळी ऐकली, इंजिन बंद पडलेलं ऐकलं. धावत आले, तेव्हाही चाक फिरत होतं." तिने भरड्याची ताटली बाजूला ठेवली. "पाहिलंय मी सगळं."

"मग मला तिथे कशाला उभं केलंस?"

"घरात दिवसभर भिंतीकडे बघत बसतोस, ते मला सोसत नाही. आणि झालंच काही, तर मला एकटीला ओरडायचं नाहीये."

एरिवाल्दोने हातातला घास परत ताटलीत ठेवला. म्हणाला, "मग हसत मागे कशाला बघत होतीस?"

"तुझं तोंड बघितलंस का? कुणीतरी खरं हसायला नको?"

"आता बघू नकोस. शपथ आहे तुला माझी. समोर बघ."

"बरं बाबा, नाही बघत."

देओक्लिदेसने इंजिन सुरू केलं. लिंदाउरा उठली, हात झटकले आणि यंत्रापुढे उभी राहिली. एरिवाल्दो दांड्याजवळ गेला. तिने शब्द पाळला, एकदाही वळली नाही. त्याला तिची पाठ तेवढी दिसत होती, आणि पुढे जाऊन मागे येणारी कोपरं. कोपर पुढे गेलं की तो श्वास धरायचा, मागे आलं की सोडायचा. जराशाने तो रडायला लागला, चांगला हुंदके देऊन. इंजिनापुढे ते कुणालाच ऐकू गेलं नाही, आणि डोळे पुसायला दांड्यावरचा हात सोडावा लागला असता.