प्रदक्षिणा ते नेरे

"सर, तुम्ही स्वतः शेवटचं कधी पळालात?"

प्रश्न तोंडातून सुटला आणि रुचिराच्या लक्षात आलं, की मागे उभ्या असलेल्या दोघी आता मागे नाहीत. तिची मैत्रीण पूर्वी पाण्याच्या टाकीआड गडप झाली होती, आणि दुसरी, गोदू, खाली वाकून, आधीच बांधलेली बुटाची नाडी पुन्हा बांधत होती. पैज लावणाऱ्या याच दोघी! "विचारून दाखव, आठवडाभर माझ्या डब्यातला लाडू तुझा," असं पूर्वी म्हणाली होती. लाडू नसता तरी रुचिराने विचारलंच असतं म्हणा. श्रावणापर्यंत जिचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत पोचत नव्हता, तिने गणपतीतल्या नाटकात आयत्या वेळी आजारी पडलेल्या राजाचं काम निभावलं होतं. नाटक संपलं, दाढी उतरली, पण राजा काही अंगातून जायला तयार नव्हता.

पीटीचे उदयसिंह सर खुर्चीत बसूनच शिट्टी वाजवत. आत्ताही बसल्या बसल्याच त्यांनी जाहीर केलं होतं, की सव्वीस जानेवारीला तरुण मंडळाची पनवेल ते नेरे अशी लांब पल्ल्याची शर्यत आहे, मुलगे धावतील आणि मुली चहाचं टेबल सांभाळतील.

सरांनी शिट्टी तोंडातून काढली. नववी 'ब' श्वास रोखून उभी.

"लग्नाच्या आधी," सर म्हणाले. "आणि तू?"

"मी? मागच्या महिन्यात. कुत्रं मागे लागलं होतं."

"कोण जिंकलं?"

"मी, सर."

"मग झालं तर! नेऱ्याच्या शर्यतीत तुझं नाव. फक्त वडिलांना एकदा शाळेत येऊन मला हो म्हणायला सांग. नाही आले, तर चहाचं टेबल आहेच."

इथेच घोडं अडलं. रुचिराचे बाबा, कमळाकरराव, बँकेत होते आणि बोलणं मोजकंच. गेल्या वर्षी खो-खोच्या संघाचा विषय काढला, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहत एवढंच विचारलं होतं, "गणितात किती पडले?" विषय तिथेच मिटला. म्हणून या वेळी रुचिराने ठरवलं, आधी पळायला शिकायचं, मग विचारायचं. पळता येत असलेल्या मुलीला नाही म्हणणं अवघड जातं, असा तिचा हिशोब.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती हळूच कडी काढत होती, तर आई मागे उभी.

"कुठे निघालीस?"

"देवळात," रुचिरा म्हणाली. कुठून सुचलं कोण जाणे! "तळ्याकाठच्या गणपतीला प्रदक्षिणांचा नेम धरलाय."

"कॅनव्हासच्या बुटात?"

"बाहेर काढीन ना!"

आईचे डोळे भरून आले. रुचिराला जरा कसंतरीच झालं, पण पळत तळ्याला दोन चकरा मारायच्या आणि परत यायचं, एवढाच तर बेत होता. त्या बेतावर आईने तिथल्या तिथे पाणी ओतलं. "अंधाराची एकटी जाऊ नकोस. थांब, वेणूमावशींना हाक मारते."

शेजारच्या वेणूमावशी म्हणजे चालतंबोलतं वर्तमानपत्र. त्या दुर्वांची जुडी घेऊन देवळाच्या पायरीवर बसत, आणि तिथून त्यांची नजर सभोवार. पळ काढायला जागाच नाही. मग काय, रुचिरा देवळाभोवतीच धावायला लागली. अनवाणी, फरशीवरून, धपाधप.

"अगं, हळू! देव काही पळून चाललाय का?"

"मावशी, जोरात घातल्या की लवकर पावतो."

"कोणी सांगितलं?"

"आमच्या पीटीच्या सरांनी."

पहिल्या आठवड्यात रुचिराच्या अंगातला राजा चांगलाच कण्हला. मांड्या अशा भरून आल्या, की जिना ती खेकड्यासारखी आडवी उतरायची. जेवायला पाटावर बसली की उठवायला धाकटा भाऊ सत्यजीत लागायचा, आणि तो प्रत्येक वेळी "हर हर महादेव" म्हणून ओढायचा. वर्गात बामचा असा दरवळ सुटे, की इतिहासाच्या बाईंनी एकदा विचारलं, "कुणाची आजी आलीये का?"

आई मात्र रोज रात्री तिळाचं तेल कोमट करून पोटऱ्या चोळायची आणि म्हणायची, "देव परीक्षा बघतोय गं माझ्या बाळीची." ते ऐकून रुचिरा उशीत तोंड खुपसायची. हसूही यायचं आणि लाजही वाटायची.

हळूहळू सगळं दुखणं गेलं. दम टिकायला लागला, जिना सरळ उतरता यायला लागला. फक्त डावा गुडघा हटून बसला. बाहेरच्या बाजूने, नेमका एकाच जागी ठणका.

"येकच पाय कसा गं दुखतंय?" गोदू म्हणाली. ती कोन गावाहून सायकलने यायची आणि तिला सगळ्याचं कारण लागायचं. "धावतेस तर दोन्ही पायांनी ना? का लंगडी घालतेस?"

"माझ्या लाडवांचा शाप," पूर्वी म्हणाली.

डिसेंबरात सरांनी मुलांबरोबर तिलाही मैदानाच्या फेऱ्या मारायला लावल्या. शिट्टी वाजली, रुचिरा सुसाट सुटली. पहिलं वळण आलं. सगळी मुलं डावीकडे वळली आणि रुचिराचे पाय सवयीने उजवीकडे! समोर सरांची खुर्ची, खुर्चीत सर. सर उडी मारून बाजूला झाले, खुर्ची आडवी, रुचिरा खुर्चीवर.

"सर पळाले! सर पळाले!" पूर्वी टाळ्या पिटत ओरडली.

"गप्प बस!" सरांनी पोटावरची धूळ झटकली. "आणि तू गं? मैदान इकडे वळतं, तू कुठे चाललीस? सराव करतेस तरी कुठे?"

रुचिराने सांगितलं. नेम, वेणूमावशी, दुर्वा, फरशी, सगळं. सर इतके हसले, की शिट्टी तोंडातच आपोआप वाजायला लागली.

"अगं वेडे, प्रदक्षिणा म्हणजे सदा उजवीकडेच वळणं! महिनाभर रोज त्याच बाजूला वळतेस, बाहेरचा पाय बिचारा एकटा राबतोय. गुडघा बोंबलणार नाही तर काय! थोडे दिवस उलट्या बाजूने फिर, नाहीतर सरळ रस्ता धर. आणि हो, वडील अजून आले नाहीत."

सरळ रस्ता म्हणजे घरी खरं सांगणं आलं. त्यापेक्षा उलटी बाजू बरी. दुसऱ्या दिवशी पहाटे रुचिराने गणपतीला हात जोडले, "रागावू नकोस हं, गुडघ्यासाठी आहे," असं पुटपुटली आणि डावीकडून सुटली.

अर्धी फेरी झाली नसेल, तोच वेणूमावशींची किंकाळी तळ्याच्या त्या काठापर्यंत गेली. "अगं बाई! उलटी! पोरगी देवाला उलटी फिरली!" पुजारी सोवळं सावरत आले. दुर्वा सगळीकडे पसरल्या. रुचिरा थांबून समजावू लागली, तोवर मावशी निघालेल्याही होत्या. त्या एवढ्या भरभर चालू शकतात, हे पनवेलला त्याच दिवशी कळलं.

रुचिरा लंगडत घरी पोचली, तेव्हा बाबा गालाला साबण लावून उभे होते, हातातला वस्तरा हातातच. आई खांबाला टेकून बसली होती आणि वेणूमावशी पदराने वारा घेत होत्या.

"कुणाच्या वाईटावर गं फिरलीस उलटी?" आईने विचारलं.

"कुणाच्याच नाही. डाव्या गुडघ्याच्या भल्यासाठी." मग तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. पैज, सर, नेऱ्याची शर्यत, चहाचं टेबल.

आईने तेलाच्या वाटीकडे बोट दाखवलं. "म्हणजे मी रोज तेल चोळत होते, ते... देवाला फसवलंस तू?"

"देवाला नाही, आई." रुचिराचा राजा क्षणभर कुठेतरी लपला होता. "तुला फसवलं. त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

वेणूमावशींनी तोंडाला पदर लावला, तो रडायला की हसायला ते कळेना.

"नेऱ्यापर्यंत?" बाबांना अखेर वाचा फुटली. "आपली स्कूटरसुद्धा तिथे जाताना धापा टाकते. आणि रस्त्यावरून पोरगी पळताना बघून लोक काय म्हणतील?"

"बाबा, मावशींनी आज अख्ख्या आळीला सांगितलंय की मी देवाला उलटी फिरले. याहून वाईट लोक काय म्हणणार?"

"मी फक्त चार घरी सांगितलं," वेणूमावशी पुटपुटल्या.

बाबांच्या गालावरचा साबण वाळत चालला होता. त्यामागे ओठ हलल्यासारखे वाटले. "गणितात..."

"बहात्तर. मागच्यापेक्षा जास्त."

आता मात्र राजा परत आला. रुचिराने दुखरा पाय सरळ केला, दोघांच्या मधोमध उभी राहिली, आणि नाटकात दरबार भरवताना लावला होता तसा आवाज लावला.

"आई, बाबा, ऐका. गणपती आईबापांभोवती फिरला आणि शर्यत जिंकला. मला तेवढ्यावर कुणी नंबर देणार नाही. म्हणून गुडघा बरा झाला की मी नेऱ्याच्या रस्त्यावर सरळ पळणार, उजेडात आणि सांगून. बाबा, तुम्ही शाळेत येऊन सरांना हो म्हणा. नाही आलात, तर सव्वीस तारखेला मला चहाच्या टेबलामागे उभी करतील. मी चहा देईन, कप विसळीन, आणि मग तिथूनच पळत सुटेन!"