एल्टनच्या पातेल्यातलं गुपित

दुपारी एकची शिट्टी झाली आणि अर्डिस व्हॉइटने गावाच्या चिली रांधायच्या स्पर्धेसाठी आपला पेला फायर स्टेशनच्या हॉलमध्ये जमा केला. पेल्यावर नाव नसतं. असतो नुसता नंबर, तोही चिकटपट्टीखाली झाकलेला, आणि त्याच नंबराची अर्धी चिठ्ठी रांधणाऱ्याच्या खिशात. एकदा पेले आत गेले की निकालापर्यंत रांधणाऱ्याने हॉलचा उंबरा ओलांडायचा नाही. ओलांडला तर पातेलं बाद.

अर्डिस तंबूखाली येऊन खुर्चीत टेकली. पातेलं तिच्या नवऱ्याचं, एल्टनचं होतं. तो जाऊन चौदा महिने झाले होते आणि ती पहिल्यांदाच एकटीने रांधत होती. झाकणाला त्याने जिंकलेले तीन पितळी बिल्ले लावलेले होते. सगळा गाव म्हणायचा, एल्टनसारखी चिली टेक्सासात दुसरी नाही. म्हणणारच! चिलीत मांस, मिरची आणि मसाला, बस्स. घट्टपणासाठी घेवडा, पीठ, भात, काही घातलेलं इथे चालत नाही. आणि हा गडी एकतीस वर्षं सगळ्यांकडे पाठ करून कॉफीच्या डब्यातून चमचाभर पीनट बटर काढायचा आणि ढवळून टाकायचा. "तुझ्यामाझ्याबरोबर मातीत जाईल हे," म्हणायचा. आज तिनेही तस्संच केलं होतं.

तेवढ्यात रामीरो आला. शाळेत नवीन आलेल्या मारिसेला बाईंचा नवरा. अर्डिसने त्याच्यापुढे बिस्किटांचा डबा धरला.

"यात शेंगदाणे नाहीत ना, मिस अर्डिस?" तो हसला. "नाहीतर संध्याकाळी बायको जवळ उभी करणार नाही मला."

"का रे बाबा?"

"तिला चालत नाहीत. मागच्या वर्षी एका घासात घसा बंद झाला, हेलिकॉप्टरने न्यावी लागली. इंजेक्शन असतं जवळ, पण आज ट्रकमध्येच राहिलं."

"मग आहे कुठे ती?"

"आत. एक परीक्षक आलाच नाही, तर बर्निसबाईंनी हिलाच धरून बसवलं. हिने आधी विचारून घेतलं हो. बाई म्हणाल्या, चिलीत मांस आणि मिरचीशिवाय असतं काय, बिनधास्त खा."

तो बिस्किट चावत बिअरच्या रांगेकडे निघून गेला. अर्डिसला ऊन लागेनासं झालं. बोटं बर्फासारखी गार पडली.

पाच टेबलं, तिने मनात हिशेब मांडला. पोरगी एकाच टेबलावर असणार. म्हणजे शक्यता पाचात एक. पण पहिल्या फेरीतून निवडलेले पेले शेवटच्या फेरीत पुन्हा सगळ्याच परीक्षकांपुढे जातात, आणि एल्टनची चिली कधी मागे राहिली नव्हती. तिने झाकणाकडे पाहिलं. तीन बिल्ले. आत जाऊन तोंड उघडलं की ते तिन्ही चोरीचे ठरणार, आणि मेलेला माणूस उठून दोन शब्द बोलू शकणार नाही. कदाचित पोरगी नुसतं जिभेला लावेल. कदाचित एवढ्याशाने काही होणार नाही. घसा बंद झाला म्हणे! दवाखाना चाळीस मैलांवर.

ती उठली ते धावतच सुटली.

"रामीरो! इंजेक्शन आण! पळ!" ती ओरडली. तो रांगेत वळून बघत राहिला, मग रांग सोडून ट्रककडे पळाला.

शेजारच्या तंबूतून दुसरा स्पर्धक, डॉइल स्क्रग्ज खिदळला. "काय गं अर्डिस, आत्तापासूनच बक्षीस आणायला निघालीस?"

दारात स्पर्धेची प्रमुख बर्निस टीग हात आडवा करून उभी होती. "पाऊल आत टाकलंस तर बाद हं, सांगून ठेवते."

"कर बाद!" अर्डिस तिच्या हाताखालून आत घुसली. "मारिसेला, चमचा खाली ठेव! माझ्या चिलीत पीनट बटर आहे!"

तिसऱ्या टेबलावर त्या पोरीचा चमचा ओठांपाशी थांबला होता. तिने तो पेल्यात सोडला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"गिळलंस का काही?"

"दोन पेले झाले... काही झालेलं नाही. हा तिसरा."

अर्डिसने खिशातली चिठ्ठी काढून बर्निसला दिली. बर्निसने टेबलाटेबलावर जाऊन पट्ट्या उचलल्या. अर्डिसचा पेला निघाला पाचव्या टेबलावर, कोपऱ्यात.

"घ्या!" बर्निसने पेला नाकापाशी नेला आणि तोंड वाकडं केलं. "एल्टनसुद्धा हेच घालायचा? शी! आणि इतका गोंधळ कशाला, तर पेला तिच्यापुढे नव्हताच. चल पोरी, तू खा."

मारिसेलाने मोठा श्वास घेतला, कसंनुसं हसली आणि चमचा पुन्हा उचलला.

"नको!" दारातून आवाज आला.

डॉइल उभा होता. हॅट छातीशी धरलेली, तोंडावर घाम. त्याची नजर तिच्यापुढच्या पेल्याच्या उघड्या पडलेल्या नंबरावर होती. "सतरा नंबर. माझा आहे तो. खाऊ नकोस."

मारिसेलाने पेला इतका जोरात ढकलला की तो सांडला. रामीरो धापा टाकत आला, इंजेक्शन मुठीत. तिने त्याचा हात धरला आणि मग ती रडायला लागली.

बाहेर, भिंतीच्या सावलीत, डॉइल अर्डिसच्या शेजारी बसला.

"एल्टननेच सांगितलं होतं मला," तो म्हणाला. "माझी बायको लोरेटा गेली त्या वर्षी. मी पातेलं कायमचं टांगून ठेवणार होतो. म्हणाला, हे घाल आणि ये परत. अर्डिसला सांगू नकोस."

एरवी तिने डोळ्यांतून पाणी काढलं असतं किंवा त्याला शिव्या घातल्या असत्या. आत्ता तिने फक्त सरकून त्याला सावलीत जागा करून दिली.

"तुझ्या मागोमागच आलो होतो, तू आत ओरडलीस तेव्हा मी दारातच होतो," डॉइल खाली बघत म्हणाला. "तोंड उघडलं नाही मी. म्हटलं, तिच्यापुढे तुझाच पेला निघेल. माझं कशाला सांगा."

अर्डिसने हातावर हात घासले. उन्हाळ्याच्या भर दुपारी ते अजून गारच होते.

"मीही बसून होते, डॉइल," ती म्हणाली. "रामीरो सांगून गेला, तरी खुर्चीत बसून होते. बिल्ले बघत."