पिठातल्या सासूबाई

नाशिक रोडच्या त्या कॉलनीत चिंतामणरावांच्या परसदारी बायकांची रांग लागली होती. पेरूखाली पीठ पसरलेलं होतं आणि त्यात महिन्यापूर्वी वारलेल्या त्यांच्या पत्नीची पावलं उमटली होती. गेलेल्याचा जीव कोणत्या रूपात गेला ते पाहायला दहाव्याला पीठ पसरायची रीत आहे. इथे मात्र पीठ रोज पसरलं जाई आणि पावलंही रोज उमटत.

ती वाचायला कोंडाजीबाबा येत. पिठावर वाकून ते म्हणाले, "दोन बोटं फुडं, दोन मागं. म्हंजी पावलं उलटी. सून उंबरा ओलांडून कामाला जाते, ते म्हातारीला खपत नाय. नोकरी सोडली का जीव सुटला."

हीच म्हातारी हयातभर उत्तराचा, म्हणजे त्या सुनेचा, डबा स्वतः भरून देत असे. मेल्यावर तिला उंबरा कसा खुपायला लागला, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. सासरे डोळे पुसत बसले. नवरा, आल्हाद, नजर चुकवत म्हणाला की वर्षभर घरी राहून पाहा. अंबडच्या कारखान्यात ड्रॉइंग काढायची नोकरी उत्तराने जिवापाड जपली होती. तिचा संताप संताप झाला.

जास्वंदीतलं शिंजीर पक्ष्याचं घरटं पाहायला तिने खिडकीत कॉम्प्युटरचा कॅमेरा लावला होता. तो पेरूकडे वळवून ती कामावर गेली.

संध्याकाळी तिने बाबांसकट सगळ्यांना पडद्यासमोर बसवलं. लाल डोळ्यांचा भारद्वाज झुडपातून ऐटीत आला, त्याने पीठ तुडवलं, गोगलगाय आपटून फोडली आणि गिळली. त्याच्या पायाला दोन बोटं पुढे नि दोन मागे असतातच.

बाबा सावरले. "म्हातारीच त्या रूपानं आली हाय."

चिंतामणराव म्हणाले, "आमची ही चातुर्मासात कांदासुद्धा खात नव्हती. गोगलगाय खाईल?"

शेजारच्या साळूबाईंनी तोंडाला पदर लावला. बाबा चपला शोधू लागले.

सगळे पांगल्यावर चिंतामणराव पिठाकडे पाहत म्हणाले, "म्हणजे ती येत नव्हती."

"नाही, अण्णा," उत्तरा म्हणाली. "पण आपल्याला त्या आठवतात ना? मग त्यांच्या नावावर दुसऱ्याचं बोलणं का खपवून घ्यायचं?"

मंडळी, पाऊल दिसलं की हात जोडण्याआधी पाय कोणाचा ते पाहावं. दुसऱ्या दिवशी पीठ परातीत पडलं. चिंतामणरावांच्या पोळ्या वेड्यावाकड्या झाल्या, पण उत्तराचा डबा त्यांनीच भरला.