अर्ध्या दाढीची साक्ष

त्या शनिवारी नऊ वाजता आमच्या पक्षाचे साहेब माझ्या दुकानात दाढी करायला येणार होते. दुकान म्हणजे एक खुर्ची, एक बाक आणि भिंतीवर मोठा आरसा. वीस वर्षं मी साहेबांची पोस्टरं चिकटवली, त्यांच्या सभांना खुर्च्या मांडल्या. आता वॉर्डाचं अध्यक्षपद मला द्यायचं ठरलं होतं आणि माझ्याच खुर्चीत बसून ते जाहीर करणार होते. सोबत फोटोवालाही येणार होता.

बायको म्हणाली, "अहो, अध्यक्ष झाल्यावर तरी मोरीचा नळ दुरुस्त कराल ना?"

साडेआठला रस्ता झाडणारे काका आले. आमच्याच मंडळीतले. चर्चमध्ये कायम शेवटच्या बाकावर बसायचे. दहा वाजता त्यांच्या मुलीचं लग्न होतं.

"चार दिवसांची वाढलीय," काका गालावरून हात फिरवत म्हणाले. "पोरगी म्हणते, बाबा, असेच आलात तर लोक म्हणतील, नवरी साळिंदराचा हात धरून आली."

नवाच्या आत उरकेल, असा हिशेब करून मी त्यांना बसवलं. गरम टॉवेल ठेवला, फेस केला, उजवा गाल झाला. तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. साहेब दहा मिनिटं आधीच आले.

त्यांचा चष्मेवाला कार्यकर्ता पुढे घुसला. "यांना उठव. साहेब थांबत नसतात."

दर रविवारी मी चर्चमधल्या मुलांच्या वर्गात ऐकलेली गोष्ट सांगायचो, की प्रभूने कमरेला टॉवेल गुंडाळला आणि शिष्यांचे पाय धुतले. तोच मी म्हणालो, "काका, जरा बाकावर बसता का? पाचच मिनिटं."

काका लगेच उठले. "बसतो की. डावा गाल कुठे पळून जातोय?"

साहेब बसले. मी धुतलेलं कापड त्यांच्या गळ्याभोवती बांधलं, वस्तऱ्यात नवं पातं घातलं. फोटोवाला सरसावला.

"आज याला मोठा करायचाय," साहेब आरशातून सगळ्यांना म्हणाले. "पण आधी सांग, तू कुणाचा माणूस?"

'तुमचाच' हा शब्द जिभेवर आला होता. पण आरशात साहेबांच्या खांद्यामागे काका दिसले. गालावरचा फेस वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. फेस वाळला की कातडी ओढते, आग होते. काका एका बोटाने गाल खाजवत घड्याळाकडे बघत होते. माझ्याशी नजरानजर झाली तेव्हा हसले. माझ्या खांद्यावरचा टॉवेल मला पाण्यात भिजवलेल्या पोत्यासारखा जड वाटायला लागला.

"साहेब, उठावं लागेल," मी त्यांच्या कानाशी वाकून म्हणालो. "नंबर काकांचा आहे. त्यांच्या मुलीचं लग्न आहे आज."

साहेबांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं, मग फोटोवाल्याकडे. तीस वर्षं ते उगाच निवडून येत नव्हते. उठले, काकांचा हात धरला, त्यांना स्वतः खुर्चीत बसवलं आणि मोठ्याने म्हणाले, "बसा काका. लेकीच्या बापापुढे आम्ही कोण?" फोटो निघाला. जाताना माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "तुझं बघतो."

संध्याकाळपर्यंत बघितलंही. अध्यक्षपद समोरच्या लॉन्ड्रीवाल्याला गेलं.

रविवारी सकाळी तो फोटो पेपरात आला. चर्चच्या पाळकांच्या बायकोने मला पन्नाशीत नुकतंच वाचायला शिकवलं होतं. बोट ठेवून वाचलं, 'नम्रतेचा आदर्श'. फोटोत साहेब पूर्ण होते, काकांचा फेस होता आणि माझं फक्त कोपर.

"कोपर छान आलंय," बायको म्हणाली.

मी पेटलो. आज चर्चमध्ये साक्षीच्या वेळी, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगतात तेव्हा, सगळं सांगायचं ठरवलं. उपदेश चालू असताना मी मनात वाक्यं जुळवत होतो. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, तेही ठरलं. सुरुवात होती, 'मी नम्रपणे सांगतो.'

पाळकांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायचीय? मी उठतोय तोवर मागे काका उभे राहिले. जन्मात कधी चार लोकांत बोलले नव्हते.

"लग्न चांगलं झालं," ते म्हणाले. "देवाची कृपा, आणि त्या साहेबांची. एवढा मोठा माणूस माझ्यासाठी खुर्चीतून उठला. माझ्यासाठी आजवर कुणी उठलं नव्हतं. त्यांच्यासाठी प्रार्थना करा." आणि डोळे पुसत बसले.

मी धड उभा नव्हतो, धड बसलेला नव्हतो. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"तुम्हाला काही सांगायचंय?" पाळकांनी विचारलं.

खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती, आणि काकांचा आनंद जागीच विझला असता. शिवाय सगळं खरं सांगायचं तर काकांना आधी खुर्चीतून उठवणारा मीच, हेही सांगावं लागलं असतं. ते वाक्य माझ्या तयारीत नव्हतं.

"काही नाही," मी म्हणालो. "काका म्हणतात तशी साहेबांसाठी प्रार्थना करू या."

मी बसलो आणि मान खाली घातली. तोंडाने प्रार्थना तिथल्या तिथे झाली. मनापासून व्हायला बुधवार उजाडला.