दोन अर्ज, एक परवाना

सगुण तळवणेकर आणि त्याची बायको सुमंगला गोव्यातल्या पार्से गावात, वरच्या वाड्यावर दोघंच राहत. सगुण पूर्वी पाळी गावच्या खाणीवर वजनकाट्यावर कामाला होता. खाण बंद पडली तसा तो गावी परतला आणि घरच्या काजूच्या बागायतीत लक्ष घालू लागला. सुमंगला आरोग्य केंद्रात नर्स होती, आता निवृत्त. एकुलती मुलगी सेजल फोंड्याला दिलेली.

मागच्या वर्षी एप्रिलात, भर दुपारी, दोन माणसं मोटारसायकलवरून आली. जवळच विमानतळ झाल्यापासून जमिनीची चौकशी करणारं रोज कोणी ना कोणी येई, त्यामुळे सुमंगलाने फारसा विचार न करता दार उघडलं. एकाने हेल्मेट काढलंच नाही. "बाई, प्लॉट विकायचा आहे म्हणे," असं म्हणत दोघं आत शिरले आणि दुसऱ्याने शर्टाखालून कोयता काढला. सुमंगला एकदा ओरडली. त्याने कोयत्याची मूठ तिच्या जबड्यावर मारली. मंगळसूत्र, हातातल्या पाटल्या, कपाटातला दागिन्यांचा डबा, सगळं दहा मिनिटांत गेलं. जाताना वळणीवरच्या साडीने तिला खुर्चीला बांधून गेले.

सगुण तेव्हा मागच्या न्हाणीत होता. बागायतीतून येऊन आंघोळीला गेलेला. मोटारसायकलचा आवाज लांब गेल्यावर तो ओल्या अंगाने बाहेर आला, गाठी सोडल्या, शेजाऱ्यांना हाका मारल्या. पोलिसांना त्याने सांगितलं, "नळ चालू होता. मला काहीच ऐकू आलं नाही." सेजल धावत आली, तिलाही तेच सांगितलं. सुमंगला जबड्यावर बर्फ धरून ऐकत बसली होती. ती ओरडली त्याच क्षणी न्हाणीतला नळ बंद झाला होता. पुढची दहा मिनिटं आतून पाण्याचा आवाज आला नव्हता. हे ती कोणालाच बोलली नाही.

पंधरा दिवसांनी सगुण पणजीहून दोन अर्ज घेऊन आला. स्वसंरक्षणासाठी शस्त्र बाळगण्याचा परवाना.

"दोन कित्याक?" सुमंगलाने विचारलं.

"एक माझा, एक तुझा. मी बागायतीत असलो की तू घरात एकटी. माझ्याकडे असून काय उपयोग?"

तिला बंदूक नको होती. पण नको म्हटलं की तो कारण विचारणार, आणि कारण सांगायला बसलं की बोलणं न्हाणीच्या दारापर्यंत जाणार. तेवढी ताकद तिच्यात नव्हती. "बरं," ती म्हणाली आणि चष्मा शोधायला उठली.

मग हेलपाटे सुरू झाले. घरपट्टीच्या पावत्या, ओळखपत्रं, फोटो, गुन्ह्याच्या नोंदीची प्रत, पुन्हा फोटो, कारण पहिल्या फोटोत कान दिसत नव्हते. अर्जात एक रकाना होता, धोका कोणापासून आहे. सगुणने 'अज्ञात चोर' असं लिहिलं. खिडकीवरचा कारकून म्हणाला, "नाव लिहा ना."

"नाव ठाऊक असतं तर पोलिसांना दिलं नसतं?"

"मग 'अज्ञात इसम' लिहा. चोर म्हणजे आरोप झाला."

सगुणने खोडून इसम लिहिलं. खाडाखोड चालत नाही म्हणून नवा अर्ज आणला. पावसाळा असाच गेला. डोळ्यांची तपासणी, रक्तदाबाची तपासणी, मन शाबूत असल्याचा दाखला. ज्या इस्पितळात सुमंगलाने नर्सिंगची उमेदवारी केली होती तिथेच ती बाकावर नंबर धरून बसली. डॉक्टरांनी विचारलं, "झोप लागते का?"

"लागते," ती म्हणाली. लागत नव्हती. पण या वयात कोणाला लागते?

चतुर्थी झाल्यावर हवालदार अश्विनी चौकशीला घरी आली. तिने आधी सगुणला बाल्कावात, दारापुढच्या बैठकीवर बसवून विचारलं, मग सुमंगलाला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि आवाज खाली आणला.

"काकी, हे विचारावं लागतं. राग मानू नका. घरात बंदूक आली तर तुम्हाला काकांची भीती वाटेल का?"

"नाही."

"कधी हात उगारला?"

"चाळीस वर्षांत नाही."

"मग विश्वास आहे म्हणायचं."

सुमंगला चहाचं भांडं हलवत राहिली. अश्विनीने कागदावर 'आहे' असं लिहिलं आणि चहा घेऊन गेली.

प्रशिक्षणाचा दाखला हवा होता. त्यासाठी फोंड्याजवळ एका नेमबाजीच्या मैदानावर चार रविवार जायचं. सकाळी सेजलच्या घरी चहा घ्यायचा आणि तिथून पुढे. पहिल्याच रविवारी प्रशिक्षकाने सुमंगलाच्या हातात रिव्हॉल्व्हर दिलं, पाय कसे ठेवायचे, श्वास कधी रोखायचा ते सांगितलं. तिने सहापैकी पाच गोळ्या पुठ्ठ्याच्या माणसाच्या छातीत मारल्या. तिला आनंद वगैरे झाला नाही. "तीस वर्षं लहान पोरांना इंजेक्शनं दिली," ती म्हणाली, "हात हलवून कसं चालेल?"

सगुणचा हात हलत होता. काट्यावर बसून वीस वर्षं आकडे लिहिलेला तो हात, पण रिव्हॉल्व्हर उचललं की मनगटापासून थरथरायला लागे. एक गोळी मातीत, एक वर कुठेतरी. प्रशिक्षक चांगला माणूस होता. "काका, घाई नाही," तो म्हणे. सगुण घाम पुसून पुन्हा उभा राही. चौथ्या रविवारी त्याने आवाज ऐकू येऊ नये म्हणून कानांवरची टोपणं इतकी घट्ट दाबली की कानशिलं लाल झाली. सुमंगला मागच्या खुर्चीवर बसून त्याची पाठ बघत होती. तिला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचाच राग आला.

परतताना गाडीत तो म्हणाला, "माझा दाखला तो देणार नाही."

"न देवो."

"तुझा परवाना होईल."

"होऊ दे," ती म्हणाली.

परवाना खरोखरच तिच्या एकटीच्या नावावर आला. सगुणचा अर्ज अपुरी कागदपत्रं या शेऱ्यासह परत आला. त्याने तो घडी करून कागदपत्रांच्या पाकिटात ठेवला आणि दुसऱ्याच दिवशी तिला पणजीला बंदुकांच्या दुकानात घेऊन गेला. आपलंच काम असल्यासारखा तो पुढे पुढे करत होता.

दुकान एका गल्लीत, पायऱ्या चढून वर. मालक प्रज्योत पन्नाशीचा, मवाळ बोलणारा. त्याने काउंटरवर हिरवं कापड पसरलं आणि तीन हत्यारं मांडली. एक पिस्तूल, एक बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर, एक त्याहून लहान.

"पिस्तूल दिसायला सुटसुटीत," तो म्हणाला, "पण वरचा भाग मागे ओढायला जोर लागतो. ओढून बघा."

सुमंगलाने ओढलं. निम्म्यावर बोट घसरलं.

"तेच. रिव्हॉल्व्हरला ती भानगड नाही. चाप ओढला की झालं. जड आहे, पण जड असलं की धक्का कमी बसतो."

"पर्समध्ये मावेल?" सगुणने विचारलं. "बाजारात वगैरे नेताना?"

"झाकून न्यायचं, उघड दिसता कामा नये. कमरेला पट्टा बांधतात बहुतेक लोक."

"साडीवर पट्टा खंय बांधू?" सुमंगला म्हणाली.

प्रज्योत हसला. "बायका पर्समध्ये नेतात. पण खरं सांगू का, पर्समधून काढायला वेळ लागतो. तुमचा प्रसंग घरातला. घरात कुठे ठेवणार ते आधी ठरवा. दार वाजलं की पुढे कोण जातं?"

"मी," सुमंगला म्हणाली.

"आणि हे?"

"हे न्हाणीत असतात."

तोंडातून ते निघून गेलं. मुद्दाम नव्हतं. प्रज्योतला त्यात काहीच वावगं वाटलं नाही, तो लहान रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर फिरवून दाखवत राहिला. सगुण मात्र काउंटरपासून बाजूला झाला, आणि "आलोच" म्हणून पायऱ्या उतरून गेला.

सुमंगलाने थोडा वेळ वाट बघितली. मग ती खाली आली. सगुण सर्वांत खालच्या पायरीवर बसला होता. पाकीट मांडीवर. ती त्याच्या शेजारी बसली. गुडघे दुखत होते, बसायला वेळ लागला.

"नळ मी बंद केला," तो म्हणाला.

"माहीत आहे."

त्याने मान वळवली. "कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. बाहेरच्या खोलीत ऐकू येतं सगळं."

"मग आठ महिने बोलली कित्याक नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

समोरून एक बाई भाजीच्या पिशव्या घेऊन गेली. ती गेल्यावर सगुण म्हणाला, "कडी धरून उभा होतो. पाय हलेनात. मनात म्हणत होतो, आता जातो, आता जातो. मग मोटारसायकल चालू झाली आणि मला, सुमंगला, मला बरं वाटलं. खोटं नाही बोलत. बरं वाटलं."

त्याने तिच्याकडे बघायचं टाळलं.

"बाहेर आला असतात तर त्यांनी तुम्हाला कापलं असतं," ती म्हणाली. "मला ते कळतं. आणि तरी राग येतो. सकाळी उठते तेव्हा येतो. दुपारपर्यंत जातो."

"रोज?"

"रोज नाही. आता रोज नाही."

"मी काय करू?"

"मला काय विचारता? मी दमले. या कागदांनी दमले, तुमच्या धावपळीने दमले. तुम्ही बंदूक शोधत होता आणि मी मागून पिशवी धरून चालत होते. एकदा बोलला असतात तर एवढं फिरावं लागलं नसतं."

तो रडला नाही. खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला, दोन्ही काचा, सावकाश. मग म्हणाला, "घरी जाऊया?"

सुमंगलाने वर दुकानाकडे बघितलं. आठ महिने, चार रविवार, इस्पितळातले बाक. आज असंच परतलं तर पुन्हा कधीतरी यावं लागणार, पुन्हा हा विषय निघणार. "घेऊन टाकू," ती म्हणाली. "संपवू एकदाचं." लहान रिव्हॉल्व्हर तिने घेतलं, कारण ते तिच्या मुठीत बसत होतं.

घरी ते कपाटात कुलपात राहिलं. काडतुसं वेगळ्या डब्यात. सुमंगलाने ते दोनदा पुसलं, तेवढंच. सगुणने दाराला आतून साखळी आणि बाहेर जाळी बसवून घेतली, आणि कोणी आलं की जाळीतून आधी तो बोलू लागला. पहिले काही दिवस त्याचा आवाज नको इतका मोठा निघे, सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेराने हाक मारली तरी. नंतर तो नेहमीसारखा झाला.

पुढे निवडणूक जाहीर झाली आणि परवानाधारकांनी शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करावीत असा आदेश निघाला. दोघं पेडण्याला जाऊन रिव्हॉल्व्हर देऊन आली, पावती घेतली. निकाल लागल्यावर अश्विनीचा फोन आला, "काकी, तुमची वस्तू घेऊन जा." दोघं गेली, पण रिव्हॉल्व्हर घरी न आणता तशीच पणजीला गेली आणि प्रज्योतच्या दुकानात ठेवणीला देऊन आली. त्यांना हवं तेव्हा परत मिळणार होतं. वाटेत सगुणने कारण विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. खरं तर ठरवून काही केलं नव्हतं. घरात आणखी एक कुलूप सांभाळायचा तिला कंटाळा आला होता.

पुढच्या रविवारी दोघं फोंड्याला सेजलकडे गेली. जेवणं झाल्यावर सेजल म्हणाली, "बाबा, तुम्ही आईला एकटीला दार उघडू देऊ नका हां आता. त्या दिवशी नळ चालू नसता तर..."

"नळ बंद होता," सगुण म्हणाला. "मी बंद केला. मी ऐकलं होतं सगळं. भीती वाटली, मी बाहेर आलो नाही."

सेजल हातातलं ताट तसंच धरून उभी राहिली. तिने आईकडे बघितलं. सुमंगला टेबलावरचा ओलावा फडक्याने पुसत होती. सेजल आत गेली आणि भांडी घासायला लागली. नेहमीपेक्षा जास्त आवाज करत.

थोड्या वेळाने सुमंगला तिच्यामागे गेली. सेजलचे डोळे लाल झाले होते.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि तू राहतेस त्यांच्याबरोबर. आतापर्यंत काही म्हणाली नाहीस."

"म्हटलं पणजीला, पायरीवर बसून. थोडं म्हटलं." सुमंगलाने एक ताट उचलून पुसायला घेतलं. "राग येतो तेव्हा आता सांगते त्यांना. ते ऐकतात. कधी कधी उत्तर देतात, ते मला आवडत नाही. मग मी बागायतीत जाते."

"आणि ते?"

"ते चहा ठेवतात. साखर जास्त घालतात."

सेजलने नळाखाली हात धुतले. बराच वेळ ती आईच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. बाहेरच्या खोलीत सगुण आरामखुर्चीत डोळे मिटून बसला होता, जागाच. मग सेजलने बाहेर जाऊन त्याला विचारलं, "बाबा, संध्याकाळी इथेच थांबाल की परत जाणार?" त्याने डोळे उघडले आणि बायकोकडे बघितलं.

"थांबू आज," सुमंगला म्हणाली. "एवढ्या लांब परत कोण जातं."