नऊ ओळींचा भुंगेरा

मित्रांनो, गेली पंचावन्न वर्षे मी एका टाचणीवर उभा आहे, आणि खरे सांगतो, मला अजून कंटाळा आलेला नाही. मी एक जुना भुंगेरा आहे. सार्डिनिया या मोठ्या बेटाच्या पश्चिमेला आमचे लहानसे बेट आहे. त्याच्या दक्षिण टोकाला वाळूची टेकाडे आहेत, तिथे मी जन्मलो.

मी दिसतो कसा, ते आधी सांगून टाकतो, कारण पुढचे सगळे रामायण त्यावरूनच घडले. माझी लांबी तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढी. रंग काळाकुळकुळीत, पण मांड्या डाळिंबाच्या दाण्यासारख्या लाल. दोन्ही मिशांना अकरा-अकरा पेरी. पाठीवरची दोन कठीण झाकणे मधोमध एकमेकांना चिकटलेली, त्यामुळे उडणे आमच्या नशिबी नाही. आणि प्रत्येक झाकणावर बारीक खळग्यांच्या नऊ ओळी, जणू कोणी सुईने टोचून काढल्या असाव्यात.

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी एफिझिओ आणि त्याची बायको बोनारिया टेकाडावर जेवायला बसली होती. एफिझिओ मिठागरात कामाला होता. बोनारिया गावातले औषधांचे दुकान चालवायची आणि लहानपणापासून किडे गोळा करायची. वांग्यांवर घालायला आणलेल्या व्हिनेगरचा वास मला आला आणि माझी हाव मला नडली. वाडग्याच्या काठावरून वाकलो, तो थेट आत!

“अगं, तुझा पाहुणा माझ्या वाडग्यात पोहतोय,” एफिझिओ म्हणाला. “काढ त्याला, नाहीतर वांग्याबरोबर खाईन.”

बोनारियाने मला बाहेर काढले तोवर माझा प्राण गेला होता. तिने मला रुमालावर ठेवले आणि जेवण तसेच सोडून माझ्याकडे बघत बसली. “थांब, फेकू नकोस. याच्या मांड्या बघ. असला मी कधी पाहिलेला नाही.”

दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक ताटकळत उभे असताना ती भिंगातून माझ्या पाठीवरच्या ओळी मोजत होती. पलीकडे सार्डिनियाच्या किनाऱ्यावर माझे जे भाऊबंद राहतात, त्यांच्या मांड्या काळ्या आणि ओळी सातच. तिने मोठ्या शहरातल्या प्राध्यापक ओल्दानींना पत्र लिहिले. चार ओळींचे उत्तर आले: हा नेहमीचाच भुंगेरा आहे, व्हिनेगरमुळे त्याचा रंग उतरला आहे, आपण औषधे विकावीत हे बरे.

ते वाचून बोनारिया लालबुंद झाली. तिने मला खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत कापूस घालून ठेवले, दुकानाला कुलूप लावले आणि बोट गाठली. प्राध्यापकांच्या टेबलावर डबी उघडून ती म्हणाली, “व्हिनेगरने रंग उतरेल, साहेब. पण खळग्यांच्या दोन जास्तीच्या ओळी कुठून येतील?”

प्राध्यापक सूक्ष्मदर्शकात वाकले. बराच वेळ वर बघेनात. शेवटी चष्मा पुसत म्हणाले, “बाई, खुर्ची घ्या. मी चुकलो. याचं वर्णन तुम्हीच लिहा, मी फक्त व्याकरण तपासतो.”

असा मी जगात नवा ठरलो! नाव ठेवायचा मान बोनारियाचा. तिने नवऱ्याचेच नाव दिले.

“भुंगेऱ्याला माझं नाव?” एफिझिओ ओरडला. “मिठागरात लोक मला मिशा फुटल्यात का विचारतायत!” पण छापील कागद आला तेव्हा तोच तो घेऊन घरोघर हिंडला.

माझ्या टाचणीला लाल चिठ्ठी लागली. तिचा अर्थ असा, की पुढे कोणालाही माझ्या जातीचा भुंगेरा ओळखायचा असेल, तर त्याने माझ्याशी ताडून पाहावे. त्या काळी शाळेतली मुले रांगेने मला बघायला येत.

पुढे एफिझिओ वारला, दुकान बंद झाले, आणि माझी पेटी नगरपालिकेच्या कपाटात गेली. तिथे कसर लागली. शेजारची सुंदर फुलपाखरे भुगा होऊन गेली. माझी डावी मिशी आणि दोन पाय गेले. वीस वर्षे पेटी कोणी उघडली नाही.

मग गेल्या वर्षी निवेस नावाची तरुण संशोधक आली. टेकाडांवर मोटारी उभ्या करायला मैदान करायचे घाटत होते. निवेसकडे तिथे जपायच्या दुर्मीळ जिवांची यादी होती, आणि माझे नाव तिला त्यातून खोडायचे होते.

“आजी, चोपन्न वर्षांत एकच नमुना, तोही मोडका,” ती बोनारियाला म्हणाली. “दुसरा कोणालाच सापडला नाही. मी तरी काय करू?”

चौऱ्याऐंशी वर्षांची बोनारिया काठी शोधत म्हणाली, “सगळे दुपारी शोधतात, पोरी. त्याच्या टाचणीखालची चिठ्ठी कोणी वाचलीय का?”

लाल चिठ्ठीखाली तिच्याच अक्षरातली दुसरी चिठ्ठी होती: दक्षिण टोक, जुनिपरची झुडपे, मे, सूर्य मावळल्यावर. मे महिनाच चालू होता. निवेसने पेटी काखेत मारली आणि दोघी निघाल्या.

पहिली संध्याकाळ रिकामी गेली, दुसरीही. तिसऱ्या दिवशी सूर्य मावळल्यावर जुनिपरखालची वाळू हलली आणि लाल मांड्यांचा एक भुंगेरा वर आला. निवेसने त्याला तळहातावर घेतले. “सात, आठ... नऊ! आजी, नऊ!” तेवढ्यात त्याने शेपटाकडचा भाग उचलून तिच्या हातावर घाणेरडा वास सोडला.

“स्वभावही तोच,” बोनारिया हसता हसता वाळूवरच बसली. त्या संध्याकाळी आणखी अकरा निघाले. यादीतले माझे नाव राहिले आणि मोटारींना दुसरी जागा मिळाली.

मित्रांनो, एवढेच मागतो. मेलेला किडा सापडला तर डबीत ठेवा आणि कुठे, कधी, कशाखाली सापडला ते लिहून ठेवा. चिठ्ठी नसती तर मी नुसता वाळका किडा ठरलो असतो. जिवंत सापडला तर त्याच्या ओळी मोजा आणि होता तिथेच सोडा.

निवेसनेही त्या पहिल्या भुंगेऱ्याला सोडले. सोडण्याआधी तिने पेटीची काच उघडून त्याला माझ्याशेजारी धरले होते. त्याने माझ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. तिच्या बोटावरून उतरला आणि जेवणाच्या शोधात चालू लागला. मला इतका आनंद कधी झाला नव्हता.